कागदावरची विहीर : मकरंद अनासपुरे यांची नायक-भूमिका आणि मराठवाडी बोलीतील असंगत विनोद

प्रस्तावना

मराठी चित्रपटसृष्टीच्या इतिहासात विनोदी नटाला नायकपद मिळणे ही घटना वारंवार घडलेली नाही. विनोदी नट हा बहुधा नायकाचा मित्र, घरगडी, हवालदार किंवा तलाठ्याचा कारकून अशा दुय्यम भूमिकांतून पडद्यावर वावरत आला. अशा नटाच्या खांद्यावर जेव्हा संपूर्ण चित्रपटाचा भार टाकला गेला, तेव्हा त्या काळातील समाजाच्या रचनेत आणि भाषेच्या प्रतिष्ठेत काही ना काही हालचाल झालेली असते. २००५ ते २००९ या काळात मकरंद अनासपुरे यांच्या रूपाने मराठवाड्याची बोली बोलणारा नट नायक म्हणून उभा राहिला. 'कायद्याचं बोला' (२००५), 'जाऊ तिथे खाऊ' (२००७) आणि 'गाढवाचं लग्न' (२००७) हे या वाटचालीतील तीन महत्त्वाचे टप्पे होत. त्यांपैकी 'जाऊ तिथे खाऊ' या चित्रपटातील विहीर चोरीला जाण्याचा प्रसंग नांदेड-लातूर परिसरातील प्रेक्षकाच्या स्मरणात आजही ताजा आहे. प्रस्तुत लेखात या भूमिकेचे स्वरूप, तिच्यातील असंगततेचे मूळ आणि मराठवाडी बोलीच्या दृष्टीने तिने जे साधले व जे गमावले, त्याचा विचार केला आहे.

'असंगत' हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. मार्टिन एस्लिन यांनी १९६० मध्ये युरोपातील एका नाट्यप्रवाहाला जे नाव दिले, त्याचा मराठीतील हा पर्याय. चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'एक शून्य बाजीराव' (१९६६) आणि सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' (१९७४) या नाटकांच्या संदर्भात मराठी समीक्षेने या संकल्पनेची पुष्कळ चर्चा केली. बेकेटच्या नाटकातील एका निष्पर्ण झाडावर आपल्याकडे बरीच शाई खर्ची पडली. चोरीला गेलेल्या विहिरीच्या वाट्याला मात्र अशी चर्चा क्वचितच आली, कारण ती विहीर नाट्यगृहात नव्हती आणि तिच्याविषयी बोलणारा माणूस प्रमाण मराठी बोलत नव्हता.

सोंगाड्याची परंपरा आणि तिचा भूगोल

अनासपुरे यांच्या आधीचा थोर विनोदी नायक म्हणजे दादा कोंडके. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने त्यांना रंगभूमीवर लौकिक दिला. भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती' (१९६९) मधून ते पडद्यावर आले आणि गोविंद कुलकर्णी दिग्दर्शित 'सोंगाड्या' (१९७१) या चित्रपटाने त्यांना नायक केले. 'सोंगाड्या'चे लेखनही सबनीसांचेच. भोळाभाबडा नाम्या तमाशा पाहायला जातो आणि तमाशातच अडकतो, एवढ्या कथासूत्रावर उभा असलेला हा चित्रपट नावापासूनच आपले मूळ सांगतो. वगातील सोंगाड्या राजाचे बोलणे शब्दशः घेतो. राजाने काही आज्ञा केली की तिचा अभिप्रेत अर्थ बाजूला सारून तो शब्दार्थाला चिकटून बसतो आणि त्यातून राजाची सत्ताच हास्यास्पद ठरते. हे तंत्र पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरणार आहे.

परंतु पडद्यावरील या परंपरेचा भूगोल मर्यादित होता. मराठी चित्रपटातील 'ग्रामीण' म्हणजे प्रामुख्याने कोल्हापूर, सातारा, पुणे या पट्ट्याची बोली. कोल्हापूर हे चित्रपटनिर्मितीचे केंद्र असल्याने हे स्वाभाविकच होते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. संस्थानात शिक्षण आणि कारभार यांची भाषा उर्दू, तर चित्रपट पाहायचा तो बहुतांशी हिंदी. त्यामुळे मराठी चित्रपटाला नांदेड-लातूरचा प्रेक्षक मिळाला, पण या भागातील बोलणारा माणूस फार उशिरा मिळाला.

रंगमंचावर ही उणीव डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी भरून काढली होती. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात बावन्न पात्रे उभी केली आणि मराठवाड्यातील खेडे जगभर नेले. तो प्रयोग एका माणसाचा होता. नट बदलता येत नव्हता, म्हणून परंपराही लवकर उभी राहिली नाही. तरीही मराठवाडी बोली दोन-अडीच तास ऐकण्याची सवय श्रोत्यांना या प्रयोगाने लावली, हे श्रेय त्याला द्यावेच लागेल.

१९८५ नंतरच्या दोन दशकांत मराठी विनोदी चित्रपट शहरात गेला. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, महेश कोठारे यांच्या चित्रपटांतील नायक भाड्याची खोली शोधणारा, नोकरीच्या मागे धावणारा शहरी तरुण होता. १४ मार्च १९९८ रोजी दादा कोंडके आणि १६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले. त्यानंतरच्याच वर्षी 'कायद्याचं बोला' आला.

केशव कुंथलगिरीकर

'कायद्याचं बोला' हा चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित चित्रपट 'माय कझिन व्हिनी' (१९९२) या अमेरिकी चित्रपटावर आधारित आहे. खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेले तरुण आणि त्यांचा बचाव करणारा अननुभवी वकील हे मूळ कथासूत्र. मूळ चित्रपटातही विनोदाचा एक मोठा स्रोत उच्चार हाच आहे. न्यूयॉर्कच्या वकिलाचे शब्द दक्षिणेकडील न्यायाधीशाला कळत नाहीत. तेथे महानगरातला माणूस लहान गावात जाऊन परका ठरतो. मराठी रूपांतरात परकेपणाची दिशा उलटली. वकिलाचे नाव झाले केशव कुंथलगिरीकर आणि उच्चाराचा भार ग्रामीण माणसावर आला. कुंथलगिरी हे धाराशिव जिल्ह्यातील जैन तीर्थक्षेत्र. तेथला खवा आणि पेढा मराठवाड्यात घरोघरी ठाऊक. असे आडनाव धारण केलेला नायक मराठी पडद्यावर न्यायालयात उभा राहून उलटतपासणी घेतो, ही गोष्ट लहान नव्हती. दिग्दर्शक कुलकर्णी हेही मूळचे औरंगाबादचे, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

या भूमिकेपूर्वी अनासपुरे 'सरकारनामा' (१९९८), 'वास्तव' (१९९९) अशा चित्रपटांतून लहान भूमिकांत दिसले होते. 'कायद्याचं बोला'मध्ये त्यांच्या अभिनयाची एक खूण पक्की झाली. चेहऱ्यावरची रेषा न हलवता, संथ आणि किंचित ओढलेल्या स्वरात ते प्रश्न विचारतात. प्रश्न साधा असतो, म्हणूनच उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. दादा कोंडके यांच्या विनोदात शब्दाला दोन अर्थ असत. अनासपुरे यांच्या विनोदात शब्दाला एकच अर्थ असतो आणि नायक तो सोडायला तयार नसतो.

विहिरीची चोरी

'जाऊ तिथे खाऊ' या चित्रपटात ही शब्दनिष्ठा असंगततेच्या टोकाला जाते. सरकारी योजनेतून विहीर मंजूर होते, कागदोपत्री खोदली जाते, पैसे उचलले जातात. जमिनीवर विहीर नसते. या परिस्थितीत सामान्य माणूस दोनच गोष्टी करू शकतो : विहीर झालीच नाही अशी तक्रार करणे किंवा गप्प बसणे. पहिल्या मार्गात अडचण अशी की सर्व कागद त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. चित्रपटातील नायक तिसरा मार्ग काढतो. विहीर झाली हे तो मान्य करतो आणि ती चोरीला गेल्याची फिर्याद देतो.

येथे असंगतता कोठून येते, हे नीट पाहिले पाहिजे. वेडेपणा फिर्यादीत नाही. फिर्याद पूर्णपणे कागदाशी सुसंगत आहे. मंजुरीचा आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंद, काम पूर्ण झाल्याचा दाखला हे सारे खरे मानले, तर विहीर अस्तित्वात होती आणि आता नाही, एवढाच निष्कर्ष निघतो. कार्यालयासमोर दोन पर्याय उरतात. विहीर नव्हती असे म्हणावे तर स्वतःच्या सह्या खोट्या ठरतात. विहीर होती असे म्हणावे तर ती शोधून द्यावी लागते. वगातील सोंगाड्याने राजाच्या शब्दावर जे केले, तेच हा नायक शासनाच्या शिक्क्यावर करतो.

कायद्याच्या दृष्टीने हा पेच आणखी मनोरंजक आहे. चित्रपट आला तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ प्रमाणे चोरी ही केवळ जंगम मालमत्तेची होऊ शकते. जमिनीला जोडलेली वस्तू जमिनीपासून वेगळी केली जात नाही तोवर ती चोरीचा विषय होत नाही, असे त्या कलमाचे स्पष्टीकरणच सांगते. झाड तोडून नेले तर चोरी होते. विहीर कशी तोडून नेणार? खड्डा जमिनीपासून वेगळा करता येत नाही. म्हणजे फिर्याद नोंदवणाऱ्या अंमलदाराला कायद्याचा आधार घेऊन ती नाकारता येईल, पण नाकारताना त्याला मान्य करावे लागेल की विहीर हलवता येत नाही. मग ती गेली कोठे, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. विनोद येथे उगवतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

या विनोदाला भक्कम सामाजिक आधार होता. १९८८-८९ पासून केंद्र शासनाची दशलक्ष विहिरी योजना सुरू झाली. अनुसूचित जाती-जमातींतील अल्पभूधारक आणि वेठबिगारीतून मुक्त झालेले मजूर यांना सिंचन विहिरी देणे हा तिचा मूळ हेतू. जवाहर रोजगार योजनेचा भाग म्हणून ती चालली आणि १९९९ मध्ये अन्य योजनेत विलीन झाली. महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या जवाहर विहिरी होत्या आणि पुढे केंद्राच्या रोजगार हमी कायद्याखाली सिंचन विहिरी आल्या. योजना बदलत गेल्या तरी लाभार्थी, ग्रामसेवक, अभियंता आणि मोजमाप पुस्तिका ही साखळी तीच राहिली. लातूर, नांदेड, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत विहीर ही जीविताची बाब आहे. खरिपाचे सोयाबीन गेले तरी विहिरीला पाणी असेल तर रब्बीचा हरभरा हाती लागतो. म्हणून कागदावरच्या विहिरीवर या भागातील प्रेक्षक जेव्हा हसला, तेव्हा त्याच्या हसण्यात ओळख होती.

जाता जाता एका शब्दाकडे लक्ष वेधले पाहिजे. मराठवाड्यातील जुन्या महसुली दप्तरात 'खासरा पाहणी पत्रक' हा दस्तऐवज महत्त्वाचा मानला जातो. जमिनीच्या वादात आजही त्याची नक्कल शोधत लोक तहसील कार्यालयात फिरतात. 'पाहणी' या शब्दातच पाहणे अभिप्रेत आहे : कोणीतरी शेतावर जाऊन डोळ्यांनी पाहिले आणि मग लिहिले. 'जाऊ तिथे खाऊ'मधील सारा अनर्थ न पाहता लिहिण्यातून घडतो.

हैदराबादच्या दोन दिशा

या कथासूत्राचा आणखी एक प्रवास नोंदवण्यासारखा आहे. २०१० मध्ये श्याम बेनेगल यांचा 'वेल डन अब्बा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातही सरकारी योजनेतील न खोदलेली विहीर आहे आणि ती चोरीला गेल्याची तक्रार आहे. दोन्ही चित्रपटांतील साम्य प्रेक्षकांच्या सहज लक्षात येते. बेनेगल यांनी आपल्या चित्रपटासाठी ज्या कथांचा आधार घेतला, त्यांपैकी एक हैदराबादच्या उर्दू कथाकार जीलानी बानो यांची 'नरसैय्या की बावडी' ही होय. कोणी कोणाकडून घेतले हा वाद येथे गौण आहे. अभ्यासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट वेगळी : ही विहीर एकीकडे तेलंगणाच्या उर्दू कथेतून आणि दुसरीकडे मराठवाडी बोलीतील चित्रपटातून वर आली. हे दोन्ही प्रदेश १९४८ पर्यंत एकाच संस्थानाचे भाग होते. खडकाळ जमीन, अपुरा पाऊस, अर्ज-दरखास्तीची दीर्घ परंपरा आणि अंमलदारापुढे हात जोडून उभे राहण्याची सवय हा दोघांचा समान वारसा.

दोन्ही नायकांची तुलना केली तर अनासपुरे यांच्या भूमिकेचे वेगळेपण स्पष्ट होते. 'वेल डन अब्बा'मधील अरमान अली हा मुंबईत मोटारचालक असलेला सोशिक गृहस्थ. बोमन इराणी यांनी तो हळुवारपणे उभा केला आहे. त्याच्या बाजूने दिग्दर्शक बोलतो. अनासपुरे यांच्या नायकाला कोणी आपल्या बाजूने बोलावे अशी अपेक्षाच नाही. तो स्वतः बोलतो आणि बोलणे हेच त्याचे शस्त्र आहे. चित्रपट म्हणून बेनेगल यांची कृती अधिक घोटीव आहे, हे मान्य करावे लागेल. 'जाऊ तिथे खाऊ' काही ठिकाणी सैल आणि भडक होतो. तरीही विहिरीची फिर्याद ज्या तोंडातून यायला हवी, त्या तोंडातून ती मराठी चित्रपटातच आली.

गाढव आणि माळेगाव

त्याच वर्षीचा 'गाढवाचं लग्न' हा राजू फुलकर दिग्दर्शित चित्रपट असंगततेच्या जुन्या झऱ्याकडे परततो. हरिभाऊ वडगावकर यांचे हे वगनाट्य दादू इंदुरीकर यांनी सावळ्या कुंभाराच्या भूमिकेतून अजरामर केले. इंदुरीकरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो तमाशाच्या फडातून आलेल्या कलावंताचा राष्ट्रीय पातळीवरील गौरव होता. शापाने गाढव झालेला गंधर्व, त्याला पाळणारा कुंभार, कुंभाराची बायको गंगी आणि राजवाड्यापर्यंत पोचणारी गाढवाची सोयरीक, असे हे कथानक. इंदुरीकरांचा सावळ्या पुणे जिल्ह्याच्या मातीतला होता. अनासपुरे यांनी त्याला मराठवाड्याच्या वळणाने बोलते केले. या बदलाने वगाच्या मूळ लयीला थोडा धक्का बसला. इंदुरीकरांची भूमिका ज्यांनी पाहिली त्यांना तो जाणवला असणारच.

नांदेड जिल्ह्यातील प्रेक्षकाला मात्र हे जग परके नव्हते. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार आणि तमाशाचे फड या यात्रेत शेजारी शेजारी असतात. दिवसा गाढवाचा सौदा करणारा माणूस रात्री फडात बसतो. त्याच्यासाठी गाढवाच्या लग्नाची कथा ही कल्पनेची भरारी कमी आणि शेजारच्या गल्लीतली बातमी अधिक. जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने तेथे भरणाऱ्या लावणी महोत्सवामुळे या यात्रेचा लौकिक वाढला, पण गाढवांचा बाजार आणि वगाचा विनोद यांच्या या सान्निध्याकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे.

बोलीचा साचा

अनासपुरे यांच्या यशाची दुसरी बाजूही पाहणे आवश्यक आहे. पडद्यावर जी 'मराठवाडी' ऐकू आली ती नेमकी कोठली? नांदेडकडे 'करायलो', 'जायलो' अशी क्रियापदे चालतात. लातूर-उदगीरकडे 'करूलालो', 'जाऊलालो' असे ऐकू येते. देगलूर, बिलोली, धर्माबाद येथे तेलुगूचा, तर उदगीर, निलंगा, देवणी येथे कन्नडचा शेजार उच्चारात उतरतो. नांदेडच्या बाजारात होकारार्थी 'हौ' सहज येतो, तो दखनी उर्दूचा ठेवा. पडद्यावरील बोली यांपैकी कोणतीच नाही. ती बीड-औरंगाबादकडच्या वळणाची, मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला अर्थ लागेल इतकी सौम्य केलेली आहे. नांदेडच्या प्रेक्षकाला हे पहिल्याच वाक्यात कळते. तरी त्याने तक्रार केली नाही. कोल्हापुरी वळण ऐकत तीन-चार दशके काढलेल्या माणसाला शेजारच्या जिल्ह्याची बोलीही घरची वाटणे स्वाभाविक आहे.

खरी हानी पुढे झाली. २००८-०९ पर्यंत अनासपुरे यांचा स्वर हा साचा बनला. 'दे धक्का' (२००८), 'गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा' (२००९) अशा चित्रपटांनी लोकप्रियता वाढवली, तशी विनोदी कार्यक्रमांतील नकलाकारांनी त्या स्वराची ओढ, तो संथपणा उचलला. त्यामागचा प्रश्न मात्र मागेच राहिला. मराठवाडी बोलणारा म्हणजे हसू आणणारा असे नवे समीकरण तयार झाले. पुण्यात शिकायला गेलेल्या लातूरच्या विद्यार्थ्याने तोंड उघडले की समोरचा त्या नटाचे नाव घेतो. काहींना यातून मोकळेपणा मिळाला, काहींनी बोली सोडून दिली. ज्या भूमिकेने बोलीला फिर्यादीच्या जागी उभे केले, तिच्याच नकलेने बोलीला पुन्हा विदूषकाच्या जागी बसवले, ही विसंगती या इतिहासातून वगळता येणार नाही.

नटाला हे जाणवले नसेल असे म्हणता येत नाही. 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' (२००९) या शेतकऱ्यांच्या प्रश्नावरील चित्रपटात अनासपुरे यांनी विनोद बाजूला ठेवून भूमिका केली. २०१५ मध्ये नाना पाटेकर यांच्यासह त्यांनी 'नाम फाउंडेशन' स्थापन केले. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना मदत आणि जलसंधारणाची कामे यांतून ही संस्था मराठवाड्यात उभी राहिली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. स्थानकाजवळची एक विहीर ते साठवण्यासाठी वापरली गेली. या वेळची विहीर कागदावरची नव्हती, पण तिच्यातले पाणी साडेतीनशे किलोमीटरवरून आलेले होते.

२०१६ पासूनच रोजगार हमीच्या कामांची छायाचित्रे अक्षांश-रेखांशासह नोंदवण्याची पद्धत देशभर सुरू झाली. न पाहता लिहिण्याची सोय त्यामुळे कमी व्हावी अशी अपेक्षा होती. तरीही विहीर, शेततळे किंवा रस्ता चोरीला गेल्याची लेखी तक्रार घेऊन ग्रामस्थ पोलीस ठाण्यात गेल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येत राहतात. गावाचे नाव वेगळे असते, रक्कम वेगळी असते. बातमीदार मात्र पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदातच 'जाऊ तिथे खाऊ'चा उल्लेख करतो आणि त्या चित्रपटाची कथा वाचकाला सांगण्याची गरज त्याला वाटत नाही.